नाताळला रेकॉर्डिंग द्यायचंय, पण कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझे सासरे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे दर्दी आहेत. कपाटभर सीडी, थोड्या एलपी. नाताळला त्यांना एखादं रेकॉर्डिंग द्यायचंय, पण मला त्यातलं काही कळत नाही. गेल्या नाताळला त्यांनी मला संगीतकार बाखच्या ‘ख्रिसमस ऑराटोरिओ’ची, म्हणजे नाताळच्या गोष्टीवरच्या मोठ्या गायनरचनेची, सीडींची पेटी दिली होती, कार्ल रिक्टर या कंडक्टरचं (वाद्यवृंद चालवणाऱ्याचं) 1965 सालचं रेकॉर्डिंग. ती अजून सीलबंदच आहे. शिवाय नऊ वर्षांच्या मुलीसाठीही काही सुचवा.”

ते ‘सीलबंद’ वाचून हसू आलं, कारण अशा पेट्या मी फार बघितल्यात. वीसेक वर्षं मी एका संगीत संग्रहातला रेकॉर्डिंगचा विभाग सांभाळला. एखादा शौकीन गेला की घरचे लोक त्याचं कपाट आमच्याकडे पाठवून देत. खोकी उघडली की पहिल्या पाच मिनिटांत कळायचं, माणसानं स्वतः काय घेतलं आणि त्याला भेट काय आलं. स्वतः घेतलेल्या डिस्कच्या डब्यांचे कोपरे तुटलेले, आतली पुस्तिका चहाच्या डागांची. भेट आलेल्यांवर प्लास्टिक जसंच्या तसं, आणि त्या हटकून जाडजूड पेट्या असायच्या.

त्याचं कारण साधं आहे. शाल दिली, घड्याळ दिलं, की देणाऱ्याचं काम झालं. रेकॉर्डिंग दिलं की घेणाऱ्याचं काम सुरू होतं. आपण त्याच्याकडे तासभर शांत वेळ मागत असतो, आणि जितकी पेटी मोठी तितकी मागणी मोठी. 2016 साली मोझार्टचं समग्र संगीत 200 सीडींच्या पेटीत निघालं, 2018 साली बाखचं 222 सीडींच्या. रोज एक न चुकता ऐकली तरी बाखला सात महिन्यांहून जास्त लागतील. पेटी दिसते भरघोस, देणाऱ्याला समाधानही मिळतं. पण घेणारा पहिल्या दिवशी एक डिस्क काढतो, दुसऱ्या दिवशी कुठली काढावी ते सुचत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. म्हणून माझा सल्ला: एक डिस्क, फार तर दोन. आणि सोबत आपल्या हातानं लिहिलेली चिठ्ठी, की यातलं अमुक ठिकाण ऐका.

आता ‘कुठलं’ याकडे. दुकानात किंवा ऑनलाइन शोधताना लोक रचनेचं नाव घेतात: बेथोव्हनची पाचवी सिंफनी, विवाल्डीचं ‘फोर सीझन्स’. पण दर्दी माणसासाठी रचनेचं नाव ही अर्धीच माहिती. एकच बंदिश दोन घराण्यांत गायली जाते तेव्हा ती एकच राहते का? इथंही तसंच, फक्त इथं बंदिश पानभर नोटेशनमध्ये पक्की लिहिलेली असते आणि तरी दोन माणसं तिचं वेगळं काहीतरी करून दाखवतात.

याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण म्हणजे ग्लेन गूल्ड. या कॅनेडियन पियानोवादकानं बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ 1955 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली. सुरुवातीची एक संथ धून, तिचे तीस अवतार, आणि शेवटी पुन्हा तीच धून. गूल्डनं हे सगळं साधारण 38 मिनिटांत उरकलं, अक्षरशः घोड्यावर बसून. पुढं 1981 साली तो पुन्हा त्याच रचनेकडे आला आणि या वेळी त्याला 51 मिनिटं लागली. सुरुवातीचीच धून घ्या: पहिल्या वेळी ती दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्या वेळी तीन मिनिटं ओलांडते. तीच पट्टी, तेच स्वर, तोच माणूस. दुसऱ्या खेपेला प्रत्येक स्वर खाली ठेवण्याआधी तो जणू हातात घेऊन बघतो. पियानोमागून त्याचं स्वतःशी गुणगुणणंही ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या स्पीकरमध्येच काहीतरी बिघडलंय. 1982 च्या ऑक्टोबरमध्ये, पन्नाशी पुरी होऊन नऊच दिवस झाले असताना, तो गेला. ही दोन्ही रेकॉर्डिंगं एकत्रही मिळतात. ज्याला या संगीताची तोंडओळख करून घ्यायचीय आणि ‘रेकॉर्डिंगा-रेकॉर्डिंगात एवढा काय फरक असतो’ असं जो विचारतो, त्याला मी डोळे झाकून हीच जोडी देतो.

तुमच्या सासऱ्यांना मात्र ती देऊ नका. त्यांच्याकडे ती असणार.

दर्दी माणसाला भेट देण्यातली खरी अडचण हीच. जी रेकॉर्डिंगं सगळे एकमेकांना सुचवतात ती त्यांच्या कपाटात आधीच असतात, कधी कधी तीन-तीन वेगवेगळ्या कव्हरांत. जॅकलिन द्यु प्रे या चेलोवादिकेनं विसाव्या वर्षी वाजवलेला एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो घ्या. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाची ऑर्केस्ट्राबरोबरची रचना. 1965 चा ऑगस्ट, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर जॉन बार्बिरोली. हा कॉन्चेर्टो 1919 साली पहिल्यांदा वाजला तेव्हा तालमी अपुऱ्या पडल्यामुळं पार फसला होता, आणि त्या दिवशी ऑर्केस्ट्रातल्या चेलोंच्या रांगेत तरुण बार्बिरोली बसला होता. द्यु प्रेचं हे रेकॉर्डिंग गेली साठ वर्षं पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात निघतंय. कार्लोस क्लायबरनं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेली बेथोव्हनची पाचवी, 1974 सालची, तिचीही तीच गत. ही उत्तम रेकॉर्डिंगं आहेत, पण दर्दी माणसाला देण्यासाठी धोक्याची. उलट तुमच्यासारख्या नवख्या माणसानं भेट म्हणून मागून घ्यायला यांच्यासारखी दुसरी नाहीत. पुढच्या वर्षी “बाबा, मला काय देताय?” असं विचारायची सोय असेल तर द्यु प्रे मागा. अर्ध्या तासाची रचना आहे. पहिल्याच क्षणी चेलो एकटा, चार जड आघातांनी सुरू होतो. कुठं लक्ष द्यायचं हे शिकवावं लागत नाही.

नवं वेष्टन ओळखायची एक युक्ती सांगून ठेवतो. सीडीच्या मागं बारीक अक्षरांत दोन खुणा असतात: गोलातला ‘सी’ आणि गोलातला ‘पी’. ‘सी’पुढचं साल कव्हर, मजकूर, चित्र यांच्या हक्काचं, ‘पी’पुढचं साल ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं. ‘सी’पुढं चालू साल आणि ‘पी’पुढं 1966 दिसलं तर जुनाच माल नव्या खोक्यात आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, पण कलाकार, कंडक्टर आणि रेकॉर्डिंगचं साल या तीन गोष्टी सासऱ्यांच्या कपाटाशी ताडून बघा. ‘रीमास्टर्ड’ शब्दाला भुलू नका. मूळ टेप तीच असते, फक्त तिची साफसफाई पुन्हा केलेली असते. ताडून बघायला सोपा मार्ग म्हणजे कपाटाच्या फळ्यांचे फोटो. सासूबाईंना विश्वासात घ्या, त्या काढून पाठवतील.

तुमच्या हातात एक सुगावाही आहे: त्यांनी तुम्हाला रिक्टर दिला. रिक्टरचा बाख म्हणजे भरगच्च कॉयर (एकत्र गाणाऱ्यांचा ताफा), आधुनिक वाद्यं, ट्रम्पेटवर मॉरिस आंद्रेसारखा माणूस, आणि गायकांत गुंडुला यानोवित्झ, क्रिस्टा लुडविग, फ्रिट्स वुंडरलिश. म्हणजे मोठा, तेजस्वी, सणासारखा आवाज त्यांना आवडतो असा माझा अंदाज. जॉन एलियट गार्डिनरचं 1987 सालचं रेकॉर्डिंग याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे: बाखच्या काळच्या धर्तीची वाद्यं, लहान कॉयर, जवळजवळ अर्ध्या स्वरानं खालची पट्टी, आणि पायात स्प्रिंग बसवल्यासारखी चाल. ते त्यांच्याकडे नसेल तर द्यायला हरकत नाही, पण वाद ओढवून घ्यायची तयारी ठेवा. ‘जुन्या वाद्यांवर वाजवावं की नव्या’ हा या संगीताच्या शौकिनांमधला न संपणारा तंटा आहे, आणि मी त्यात कुणाच्याच बाजूचा नाही, दोन्हीकडचं ऐकतो.

मी तुमच्या जागी असतो तर त्यांना प्रेटोरियस दिला असता. मिखाएल प्रेटोरियस हा बाखच्या आधीच्या शतकातला जर्मन संगीतकार, 1621 साली वारला. 1994 साली पॉल मॅक्रीश या इंग्रज कंडक्टरनं एक भन्नाट कल्पना डिस्कवर आणली: प्रेटोरियसच्या काळात नाताळच्या सकाळी एखाद्या ल्युथरन चर्चमध्ये प्रार्थना कशी झाली असती, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी करायची. रेकॉर्डिंग डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये केलं. त्यात कॉयर आहे, ऑर्गन आहे, जुनी वाद्यं आहेत, पण खरी जादू वेगळीच: मधे मधे भजनं गायला अख्खा जनसमुदाय आहे. एवढी माणसं एका दगडी इमारतीत एकसाथ गायला लागली की आवाज चहूबाजूंनी येतो. शेवटी ‘इन दुल्ची युबिलो’ ही नाताळची जुनी धून येते, ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसकट, आणि तिथं शेजारी दार वाजवतील अशी खात्री बाळगा. भरगच्च आवाजाची हौस आणि जुन्या वाद्यांचा अस्सलपणा दोन्ही एकाच डिस्कमध्ये, म्हणून रिक्टरप्रेमी माणसाला ही पचते. चिठ्ठीत लिहा: शेवटचा ट्रॅक आधी ऐका.

हेंडलच्या ‘मेसाया’ या ऑराटोरिओबद्दल सगळेच विचारतात, म्हणून दोन शब्द. हेंडलनं तो 1741 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 24 दिवसांत लिहिला आणि तो पहिल्यांदा झाला डब्लिनला, 1742 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे नाताळशी त्याचा संबंध पुढं जडला. येशूच्या जन्माचा भाग तीनपैकी पहिल्याच खंडात आहे. दर्दी माणसाकडे चार-पाच ‘मेसाया’ असतातच. नवख्याला द्यायचा असेल तर ख्रिस्तोफर हॉगवुडचं 1980 सालचं द्या, स्वच्छ आणि हलकं. खोडी काढायची असेल तर टॉमस बीचमचं 1959 सालचं: त्यात झांजा आहेत, बडा ढोल आहे, हेंडलनं स्वप्नातही पाहिला नसेल असा जामानिमा आहे. मला ते चोरून आवडतं.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती व्हायची नाही. कॅथलीन फेरियर या इंग्रज गायिकेच्या आवाजाचं मला एके काळी वेड होतं. खोल, गडद, आपल्याशी खासगीत बोलल्यासारखा आवाज. 1953 साली, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती कॅन्सरनं गेली. त्यामुळं तिची रेकॉर्डिंगं मोजकी, आणि त्यातलं जे हाताला लागेल ते मी लोकांना वाटत सुटायचो. एका नाताळला एका मित्राला तिनं कंडक्टर ब्रूनो वॉल्टरबरोबर 1949 साली गायलेली माहलरची गाणी दिली. मित्राला तीन महिन्यांपूर्वी पहिली मुलगी झाली होती. गाण्यांचं नाव होतं ‘किंडरटोटेनलीडर’. अर्थ: मुलांच्या मृत्यूची गाणी. मला अर्थ माहीत नव्हता असं नाही. पण इतकी वर्षं फक्त आवाज ऐकत आलेल्या माणसाला शब्द दिसेनासे होतात. मित्राच्या बायकोनं पुस्तिकेतलं भाषांतर वाचलं. त्या रात्री मित्राचा फोन आला तेव्हा तो हसत होता, ती मात्र बराच काळ माझ्याशी नीट बोलली नाही. आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. गाण्याची डिस्क देताना आधी शब्दांचा अर्थ बघा. शूबर्टची ‘विंटरराइझे’ नावात हिवाळा आहे म्हणून डिसेंबरात खपते. प्रत्यक्षात ती प्रेमभंग झालेल्या माणसाची बर्फातली भटकंती आहे, चोवीस गाणी, आणि शेवटी अनवाणी उभा असलेला एक भिकारी वादक. सणाच्या सकाळी नको.

अजिबात न ऐकणाऱ्या नातेवाइकासाठी एक राखीव नाव सांगून ठेवतो: लिऑन्टिन प्राइस या अमेरिकन सोप्रानोनं, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेनं, कंडक्टर कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर 1961 साली केलेली नाताळगीतांची डिस्क. ‘सायलेंट नाइट’ कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या मुलीसाठी मात्र माझं उत्तर ठाम आहे: चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’, आणि तोही अख्खा बॅले. बाजारात जे सगळ्यात जास्त दिसतं ते ‘सुइट’, म्हणजे त्यातल्या आठ तुकड्यांची वीस-पंचवीस मिनिटांची निवड. ती चायकोव्हस्कीनंच केलेली, बॅले रंगमंचावर येण्याच्या आधी, 1892 च्या मार्चमध्ये. बॅले आला डिसेंबरात, सेंट पीटर्सबर्गला. पण सुइटमध्ये गोष्ट नाही, आणि मुलांना गोष्ट लागते. मध्यरात्री नाताळचं झाड वाढत वाढत छताला भिडतं ते संगीत सुइटमध्ये नाही. उंदरांची लढाई नाही. बर्फाच्या फुलांचं नृत्य नाही, ज्यात अचानक मुलांचा कॉयर शब्दांवाचून नुसतं ‘आ’ गायला लागतो. नऊ वर्षांच्या मुलीला ते तुकडे ऐकवा आणि तिचं तोंड बघा.

सुइटमध्ये जे आहे त्यात शुगर प्लम परीचं नृत्य आहे, आणि त्यातलं ते काचेच्या घंट्यांसारखं वाजणारं वाद्य म्हणजे सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखा, आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. चायकोव्हस्कीनं तो पॅरिसमध्ये पाहिला आणि आपल्या प्रकाशकाला लिहिलं की मागवून घ्या, पण कुणाला दाखवू नका. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना सुगावा लागला तर ते आपल्याआधी वापरतील. ही गोष्ट मुलीला सांगा, मग ती परी येण्याची वाट बघत बसेल. रेकॉर्डिंग कंडक्टर गेर्गिएव्हचं 1998 सालचं घ्या: वेगवान आहे आणि अख्खा बॅले एकाच सीडीवर बसवलाय. थोडं मऊ, ऐसपैस हवं असेल तर अंताल डोराटीचं अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्राबरोबरचं, 1975 सालचं. ते दोन डिस्कचं.

आणि काहीही घेण्याआधी, समोरच्याकडे ते वाजवायला यंत्र आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा खण नसतो, नव्या गाड्यांमध्येही नसतो. एलपी देत असाल तर सूटकेसमधल्या स्वस्त टर्नटेबलवर जपून: त्यांची सुई पाच-सहा ग्रॅम वजनानं टेकते, चांगल्या यंत्रात ती दोन ग्रॅमच्या आसपास असते, आणि हा फरक एलपीच्या खोबणीला भोगावा लागतो. फक्त फोनवर ऐकणाऱ्याला लिंक पाठवा. पण कलाकार आणि साल चिठ्ठीत लिहा, नाहीतर ‘मेसाया’ म्हणून शोधल्यावर शेकडो निघतील आणि तो पहिला दिसेल तो लावेल.

राहिली तुमची सीलबंद पेटी. ती न ऐकता सासऱ्यांना दुसरं काही देणं मला बरं वाटत नाही, म्हणून आधी ती उघडा. अडीच तासांचं काम बघून बिचकलात ना? पण बाखनं ते अडीच तास सलग ऐकण्यासाठी लिहिलेच नव्हते. हे सहा स्वतंत्र भाग आहेत, प्रत्येक पंचवीस-तीस मिनिटांचा, आणि लाइपझिगच्या चर्चमध्ये ते सहा वेगवेगळ्या दिवशी झाले: 1734 च्या डिसेंबरच्या 25, 26 आणि 27 तारखेला, मग 1735 च्या 1, 2 आणि 6 जानेवारीला. तुम्हीही तसंच करा. सहा तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्या त्या दिवशी एकच भाग लावा.

25 तारखेला आवाज थोडा वाढवून ठेवा. सुरुवात गाण्यानं होत नाही, व्हायोलिननंही नाही. एकटे नगारे वाजतात. याचं कारण गमतीदार आहे. हे संगीत बाखनं आदल्याच वर्षी राणीच्या वाढदिवसासाठी लिहिलं होतं आणि त्याचे मूळ शब्द होते ‘वाजा रे नगाऱ्यांनो, दुमदुमा ट्रम्पेटांनो’. शब्द बदलले, नगारे राहिले. 26 तारखेचा भाग शब्दांवाचून सुरू होतो: एकीकडे बासऱ्या आणि तंतुवाद्यं, दुसरीकडे ओबोच्या (सनईसारख्या वाद्याच्या) जातीची चार जाडसर वाद्यं, जणू वर देवदूत आणि खाली मेंढपाळ. त्याच भागात वुंडरलिश मेंढपाळांना ‘धावा, धावा’ म्हणून गातो; बासरीशी शर्यत लावलेल्या त्या ताना ऐकताना लक्षात असू द्या की पुढच्याच वर्षी, छत्तिशीही पुरी न करता, तो जिन्यावरून पडून गेला.

पहिल्या दिवशी एक संथ सामुदायिक भजन येईल, ‘तुझं स्वागत कसं करू’ अशा अर्थाचं. त्याची चाल लक्षात ठेवा, गुणगुणून ठेवा. 6 जानेवारीला अगदी शेवटी तीच चाल पुन्हा येते, पण या वेळी ट्रम्पेटांच्या गजरात, ओळखू येईल न येईल अशी. ती ओळखलीत की लगेच सासऱ्यांना फोन करा आणि विचारा, “बाबा, ही चाल आणखी कुठं आहे?” ते उत्तर देणार नाहीत, कपाटाकडे जातील आणि बाखचंच ‘मॅथ्यू पॅशन’ काढतील, कारण तिथं हीच चाल येशूच्या मृत्यूसाठी वापरलीय. त्या संध्याकाळी मात्र तीन तास मोकळे ठेवा.